एका पायावरचा नवस

माझ्या सासूबाई नीलम्मा. गावात त्यांना हल्ली कुणी भक्तीण म्हणतं, कुणी तपस्विनी. मी अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली भाकरी थापल्यात, तेव्हा माझं ऐका. त्या भक्तीणबिक्तीण काही नाहीत, हट्टी आहेत. आणि एका म्हातारीच्या हट्टाला अख्ख्या गावानं हात कसे जोडले, तेवढं सांगते.

आमचं गाव परळीपासून नऊ किलोमीटर. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागं आम्ही चौघं: आत्या म्हणजे सासूबाई, मामा म्हणजे सासरे रेवणसिद्ध, माझे मालक सिद्धाराम आणि मी रुचिका. शेत मात्र डोंगराच्या पलीकडं. खिंडीतल्या पायवाटेनं गेलं तर तासाभराचं. गाडीनं जायचं तर अकरा किलोमीटरचा वळसा, आणि एवढं करून शेवटी ओढ्यात उतरून पलीकडची दरड चढावीच लागते. ज्याचे पाय चालतात त्यालाच आमचं शेत दिसतं, असा मामला. शेत बटईनं दिलंय, त्यामुळं वर्षभर त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते येळवसेला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. या सगळ्यात पहिला मान आंबिलीचा. ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील बिंदग्यात भरायची, म्हणजे चुन्यानं रंगवलेल्या लहान तोंडाच्या मडक्यात. आमच्या घरात ते बिंदगं बाईनं न्यायचं, डोक्यावर न्यायचं, पायी न्यायचं, आणि घर सोडल्यापासून कोपीपर्यंत भुईला टेकवायचं नाही. द्यायचंच झालं तर डोक्यावरून डोक्यावर. तेही जन्मात एकदाच, सासूनं सुनेला.

आत्यांच्या सासूनं ते आत्यांना दिलं आणि पुढं ती तेरा वर्षं जगली. चांगली धडधाकट जगली, पण शेत तिनं परत पाहिलं नाही. बिंदगं दिलेल्या बाईनं येळवसेला घर राखायचं असतं. कुणी तसा कायदा केलेला नाही, पण कायदा नसला की तो जास्त कडक असतो. आत्या कधी सांगायला लागल्या की बाहेरच्या ओट्याकडं बोट करायच्या, म्हणायच्या, इथं बसायची, इथंच.

गेल्या वर्षी गुडघ्यामुळं आत्यांना चालवेना. मला वाटलं, आता बिंदगं माझ्याकडं येणार. खरं सांगते, मला हवं होतं. सतरा वर्षं मी मागून भाकरीची पाटी घेऊन चालले होते. पण आत्यांनी ते मला दिलं नाही. दुखरा गुडघा घेऊन स्वतः घरी बसल्या आणि रीत मोडून बिंदगं दिलं पोराकडं. सिद्धारामनं ते नेलं आणि शर्टाची कॉलर आंबिलीत भिजवून आला. मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी परत आलो तेव्हा आत्या ओट्यावर बसलेल्या. सगळी गल्ली त्यांनी एकटीनं झाडून काढली होती, दुसऱ्यांच्या दारापुढचीसुद्धा. त्यांनी मला विचारलं, हरभरा केवढा झालाय. मी हातानं दाखवला. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, परत एकदा दाखव. माझा सगळा राग तिथल्या तिथं विरघळला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दसऱ्याच्या आधी त्यांना परळीला दाखवलं. व्यायामाची डॉक्टरीण होती, अगदी पोरसवदा. तिनं आत्यांना उठायला लावलं, बसायला लावलं, मांडी दाबून पाहिली आणि म्हणाली, आजी, गुडघा थोडा झिजलाय, पण खरं दुखणं मांडीत आहे. बसून बसून तिच्यातला जोर गेलाय. आत्यांना हे लई झोंबलं. येताना जीपमध्ये म्हणाल्या, "बसून? मी? जल्मभर मी बसले कवा?"

पण घरी येऊन त्यांनी हिशेब लावला असावा. पाणी दारात आलं त्याला दहा वर्षं झाली, दळण गिरणीत, शेगडी गॅसची, आणि दुकान टाकल्यापासून त्या गल्ल्यामागच्या गादीवर. दुसऱ्या दिवशी गादी गुंडाळून त्यांनी माडीवर टाकली आणि तिथं लाकडी खुर्ची मांडली.

डॉक्टरणीनं चित्रांचा एक कागद दिला होता. खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, तीस वेळा. टाचा उचलायच्या. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं. आणि रोज चालायचं, आज जेवढं त्याहून उद्या थोडं जास्त. आत्यांना वाचता येतं पण चष्म्याचा कंटाळा, म्हणून तो कागद मीच वाचून दाखवला. त्यांनी तीस उठबशांचं सोपं करून टाकलं. एका गिऱ्हाइकाला एक. साखर, चहापत्ती, निरमा असलं सारखं लागणारं सामान वरच्या फळीवर चढवलं, म्हणजे उठण्यावाचून गत्यंतर नाही. बिचारं एखादं पोर अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे आणि काडेपेटी मागायला आलं की त्याला तिन्ही वस्तू एकदम मिळत नसत. एक दिली की आत्या खाली बसणार, मग दुसरीसाठी उठणार. गिऱ्हाईक ताटकळतंय म्हणून सिद्धाराम चिडायचा. मी म्हणायचे, व्यायाम करतायत, करू द्या.

चालायचं कुठं हा प्रश्न होता. रस्त्यानं परळीच्या वीज केंद्रातल्या राखेचे टिप्पर धावतात. एक गेला की पाच मिनिटं आपलाच हात आपल्याला दिसत नाही. म्हणून आत्यांनी डोंगराची वाट धरली. आणि चालायचं तर रिकाम्या डोक्यानं कशाला, म्हणून स्टीलची कळशी घेतली, वर जुनी शाल पांघरली. कळशीत पहिल्या आठवड्यात एक तांब्या पाणी. पुढच्या आठवड्यात दोन. डॉक्टरणीच्या कागदावर कळशी नव्हती. ती आत्यांची भर. त्यांचा बेत मला तेव्हाच कळला. येळवसेला अकरा आठवडे होते आणि बिंदगं भरलं की त्याचं वजन साधारण नऊ तांबे.

तुझ्या नवऱ्याला सांगू नको, एवढंच त्या म्हणाल्या. सिद्धाराम तसा भला माणूस, पण आईच्या बाबतीत भित्रा. अव्वा, पडशील. अव्वा, जिना नको. अव्वा, तू बस, मी आणतो. असं म्हणूनम्हणूनच त्यानं आईच्या मांडीतला जोर घालवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बायनाबाईंचं सांगायला हवं. त्या आमच्या शेजारी, घराला घर लागून. त्यांना साखर आहे, कंबर आहे आणि तोंड आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी दिवस उगवायला त्या चूळ भरायला बाहेर आल्या आणि त्यांना काय दिसलं? आमच्या परसात नीलम्मा एका पायावर उभी. तोंड उगवतीकडं. एक हात भिंतीला, तो बायनाबाईंना दिसला नाही. दुसरा हात तोल सावरायला वर केलेला, तो दिसला. ओठ हलतायत, कारण आत्या तीसपर्यंत आकडे मोजत होत्या. थोड्या वेळानं तीच बाई शाल पांघरून, डोक्यावर कळशी घेऊन, न बोलता खिंडीच्या वाटेला लागली. खिंडीत महादेवाची पिंड आहे. वार सोमवार.

तुम्हीच सांगा, आमच्याकडच्या माणसानं यातून दुसरं काय समजायचं? व्यायाम म्हणजे पोलीस भरतीची पोरं शाळेच्या मैदानात करतात तो. सत्तरीला टेकलेली बाई डोंगर चढते ती देवासाठीच.

दुपारपर्यंत गावभर झालं की नीलम्मानं अकरा सोमवारचा नवस बोललाय, एका पायावर उभं राहून. अकरा हा आकडा कुणी काढला देव जाणे. संध्याकाळी बायनाबाई दुकानात आल्या आणि हळूच विचारलं, कशासाठी गं? आत्या त्या दिवशीची बाविसावी उठबस काढत होत्या. व्यायाम म्हणावं तर बाई हसणार, वर सिद्धारामला सांगणार. त्या म्हणाल्या, "हाय आपलं काहीतरी." झालं. नवस करणारी बाई नवस सांगत नसते, हे तर पोरासोरांनाही माहीत आहे. आत्या खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. पण खरंही बोलल्या नाहीत.

सिद्धारामलाही हे कळलं. हा बी.कॉम. झालेला माणूस. अंधश्रद्धेवरचे संदेश सकाळी सगळ्यांना पाठवतो. पण आईच्या नवसाला आडवं जायची त्याची छाती नव्हती. त्याला वाटलं, नवस त्याच्या बोअरसाठी आहे. दोन बोअर कोरडे गेले होते, तिसरा घ्यायचं चाललं होतं. पाणी आईनं महादेवाकडं मागितलंय म्हटल्यावर तो रोज सकाळी कळशी स्वतः घासून ठेवायला लागला.

दुसऱ्या सोमवारी बायनाबाई बरोबर निघाल्या. त्यांचा स्वतःचा एक नवस बाकी होता म्हणे. पहिल्या दिवशी त्या पायथ्याच्या विहिरीपर्यंत गेल्या आणि तिथंच बसून राहिल्या. तिसऱ्या सोमवारी आणखी दोघी आल्या. मग सोमवार कशाला, रोजच. दिवाळी होईस्तोवर सात-आठ बायका खिंडीपर्यंत जायला लागल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्या डोक्यावर काही ना काही घेऊन. परसात एका पायावरही उभ्या राहायच्या. आमच्या गल्लीत सकाळी बघावं तिकडं बगळ्यांसारख्या बायका. महिन्याभरानं बायनाबाईंची साखर तपासली ती उतरलेली निघाली, आणि त्यांनी खिंडीतल्या महादेवाला पितळी घंटा बांधली.

इथवर सगळं हसण्यासारखंच होतं. पण मामांनी तंबाखू सोडली आणि गंमत जरा अवघड झाली.

मामांचं वय चौऱ्याहत्तर. तळहातावर तंबाखू मळल्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. आत्यांनी पन्नास वर्षं सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. एके दिवशी दुपारी त्यांनी पितळी डबी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही ठेव, नाहीतर टाक. मी विचारलं, का हो मामा? ते दाराकडं पाहत म्हणाले, "ती माझ्यासाठी रोज डोंगर चढायली. मी यवढं बी करू नये का?"

मी तडक आत्यांकडं गेले आणि म्हटलं, आता सांगून टाका. त्या तुरीच्या शेंगा सोलत पाय सरळ वर उचलून धरत होत्या, तो कागदावरचा चौथा व्यायाम. पाय तसाच वर धरून त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "सोडली ना त्यांनी? मग ऱ्हाऊ दे." पण त्या दिवसापासून त्यांनी मामांना डोळ्याला डोळा भिडवून जेवायला वाढलं नाही. भाजी मात्र दुप्पट वाढायला लागल्या.

सातव्या आठवड्यात आत्या पडल्या. कळशीत सात तांबे होते. उतरताना मुरमावरून पाय सरकला. कळशी घरंगळत खाली गेली आणि आत्या बुडावर बसल्या. बायकांनी धरून आणलं. गुडघा सुजून दुप्पट झाला. डॉक्टरणीनं तपासलं, हाड शाबूत होतं, आठ दिवस आराम सांगितला आणि मग पुन्हा सुरू करा म्हणाली. पण सिद्धारामनं पुढचं वाक्य ऐकलंच नाही. घरी येऊन त्यानं निकाल देऊन टाकला: डोंगर बंद. या येळवसेला अव्वा घरी. आणि बिंदगं रुचिकाकडं, सरळ आजच, उगाच पुढं घोळ नको.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं असणार, आता ही बोलेल. मी फक्त एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं की नवसबिवस काही नाही, कागदावरचा व्यायाम आहे. नवस नाही म्हटल्यावर मोडायची भीती नाही. आत्या ओट्यावर आणि बिंदगं माझ्या डोक्यावर. अठरा वर्षं वाट पाहिलेली.

त्याच वेळी बायनाबाई हळद-तेल घेऊन आल्या. त्यांनी सिद्धारामला असं फैलावर घेतलं की बस. सहा सोमवार झाले, पाच राहिले. नवस असा मधी तोडला तर घराला लागतो, बोअरचं तर सोडच, हापसा बी आटंल. सिद्धाराम माझ्याकडं पाहून म्हणाला, तू सांग, तुझं काय म्हणणं आहे.

खोलीत आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुजलेला पाय लांब केलेला, आणि त्याची बोटं त्या हळूहळू पुढं-मागं करत होत्या. ओठ हलत होते. या अवस्थेतही त्या मोजत होत्या. मला बिंदगं हवं होतं, पण या बाईला दारात बसवून नको होतं.

मी म्हटलं, "नवस मोडू नये."

तेवढ्या एका वाक्यानं मी त्या खोटेपणात सामील झाले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आठ दिवसांनी आत्या पुन्हा खुर्चीवरून उठायला लागल्या. पंधरा दिवसांनी विहिरीपर्यंत. या वेळी उतरताना काठी. कळशी परत एका तांब्यापासून. येळवसेला दहा-बारा दिवस उरले तेव्हा कळशीत पाच तांबे होते, आणि शेवटच्या सोमवारी नऊ. त्या दिवशी वरून आल्या आणि कळशी ओतून मलाच मोजायला लावलं. साडेआठ भरले. अर्धा तांब्या पदरावर सांडला होता.

घरात पडून काढलेला धरून अकरा सोमवार संपले, आता नवस फेडायचा. बायनाबाईंनी ठरवून टाकलं की येळवसेच्या दिवशी, खिंडीत, आंबील वर नेताना. आत्यांना कुणी विचारलं नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की नवस पुरा झाला की देवापुढं तो तोंडानं सांगायचा, काय मागितलं होतं आणि काय मिळालं, चारचौघांत. हे आत्यांना आदल्या दिवशी कळलं. आंबील ढवळता ढवळता त्यांचा हात थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

येळवस उजाडली. थंडी चांगली पडली होती. आत्यांनी बिंदगं चुन्यानं रंगवून ठेवलं होतं. सिद्धारामनं ते उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलं, मी शाल पांघरली. आमच्या मागं सगळी नवसाची फौज, प्रत्येकीच्या घरची माणसं, पाट्या, डबे, घोंगड्या. आणि मामा. दरवर्षी गाडीनं वळसा घालून ओढ्यापाशी हाश्शहुश्श करत उतरणारे मामा या वर्षी पायी निघाले होते. बायकोनं माझ्यासाठी अकरा सोमवार काढले, मी एक दिवस चालतो, म्हणाले.

चढ सुरू झाला. मी आत्यांच्या मागं होते. सगळं लक्ष त्यांच्या टाचांवर. टाच भक्कम पडत होती. मुरमाची जागा आली, तिथं त्या थांबल्या, काठी रोवली, आणि आधी दुखरा नव्हे तर चांगला पाय वर टाकला, कागदावर लिहिलंय तसा. बिंदग्यातली आंबील डुचमळली, पण सांडली नाही. सिद्धाराम दोन्ही हात पसरून शेजारून चालत होता. मी त्याचा एक हात धरून खाली केला.

खिंडीत पोचलो. पिंडीला पाणी घातलं, बेल वाहिला. बायनाबाईंनी नारळ पुढं केला आणि म्हणाल्या, बोल आता. आत्यांच्या डोक्यावर बिंदगं तसंच. खाली टेकवायचं नव्हतं ना. नवी घंटा वाऱ्यानं थोडी हलत होती.

आत्या पिंडीकडं पाहून म्हणाल्या, "म्या तुझ्याकडं कायबी मागितलं न्हवतं. मला शेताला यायचं हुतं, म्हणून पाय घडवत हुते. लोकाला नवस वाटला. म्या वाटू दिलं, ही चूक माझी."

बायनाबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि हे मी अठरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. सिद्धाराम माझ्याकडं वळला, तुला ठाऊक होतं का, अशा नजरेनं. मी पिंडीवरचा बेल नीट करायला लागले.

मामा पुढं आले. त्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्यासाठी न्हवता?"

"न्हाई."

"मग म्या तंबाखू कावून सोडली?"

आत्यांना डोक्यावरच्या ओझ्यामुळं मान वळवता येईना. समोर बघतच त्या म्हणाल्या, "ते तुमाला ठावं. पर मला लई बरं वाटलं."

मामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं. मग सगळेच हसले. बायनाबाई म्हणाल्या, साखर तर माझी खरीच उतरली ना, मग नवस खोटा कसा. त्यांनीच नारळ दगडावर आपटला, देवाचं देवाला, म्हणाल्या, आणि खोबरं वाटून टाकलं. मी आत्यांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि दोन्ही हात बिंदग्याला लावलेले असल्यामुळं ते त्यांना पुसता येत नव्हतं. मी पदरानं पुसलं.

तेव्हा त्या मला म्हणाल्या, "वाक."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी म्हटलं, आत्या, तुम्हाला जमतंय की, अर्धी वाट तर झाली, उतारच राहिला. त्या म्हणाल्या, जमतंय म्हणूनच देते. न जमून दिलं असतं तर ओट्यावर बसावं लागलं असतं. मी वाकले. त्यांनी गुडघे जरासे वाकवले, तेच खुर्चीवरून उठबस करताना वाकवतात तसे, आणि बिंदगं त्यांच्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर आलं. केवढं जड होतं ते. इतकी वर्षं मागून चालताना मला वाटायचं, हलकंच असेल.

"तुमी व्हा म्होरं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मी जरा वर जाऊन येते."

खिंडीच्या डाव्या अंगाला डोंगराचा माथा आहे. तिथं देऊळ नाही, शेत नाही, विहीर नाही. तिथं जायचं कुणाला काही कारणच नाही. सिद्धारामनं विचारलं, वर काय आहे, अव्वा? त्या म्हणाल्या, "म्हाईत न्हाई. चाळीस वर्सं या खिंडीतनं जायली, डोक्यावर बिंदगं. मान वर करून कवा बघितलंच न्हाई."

आणि निघाल्या, काठी टेकत, रिकाम्या डोक्यानं. मामा त्यांच्या मागं गेले. थांब गं, म्हणत बायनाबाईही त्यांच्या मागं. मला ते दिसलं नाही. बिंदगं डोक्यावर असलं की खरंच मान वर होत नाही. मी पायाखालची वाट पाहत शेतात उतरले.

कोपीत पूजा झाली, पिकावर आंबील शिंपडली, पानं वाढली, तरी त्यांचा पत्ता नाही. सिद्धाराम चार वेळा बांधावर जाऊन आला. मीच त्याला बसवलं. तासाभरानं तिघं खाली आले. लुगड्याला, धोतराला कुसळंच कुसळं. मामा येऊन सरळ पानावर बसले आणि आधी आंबील मागितली. आत्या मात्र उभ्याच राहिल्या. आधी हरभऱ्याच्या शेंड्याला हात लावून आल्या, मग माझ्यापाशी आल्या, आणि एखादी पोर गुपित सांगते तसं हळू म्हणाल्या:

"माझं म्हायार दिसतंय गं तिथनं."

घाटपिंपरी. परळीला जाऊन दुसरी गाडी, पुढं तासभर रिक्षाची वाट, असा सगळा दिवस मोडायचा म्हणून आत्या वर्षातून एकदा जायच्या, गेली तीन वर्षं तेही नाही. भाऊ गहिनीनाथ अंथरूण धरून होता, तोही यायचा बंद झाला होता. आणि गाव तर या डोंगराच्या पाठीशीच होतं. गुराख्यांना ठाऊक होतं, पण त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. गावातली चिंच दिसली म्हणाल्या, देवळाचा कळस दिसला, आणि चिंचेवरून मोजत गेलं की भावाचं घर. मामांनी मान हलवून साक्ष दिली. इथं नांदायला येऊन बावन्न वर्षं झाली, एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. मांडी घालून. मी आणि सिद्धारामनं एकमेकांकडं पाहिलं, खीर वाढली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तिळगुळाचा डबा घेऊन निघाल्या. मीही बरोबर गेले. डोंगर चढून पलीकडं उतरायला अडीच तास लागले, त्यातला अर्धा माझ्या धापा टाकण्यात गेला. गहिनीनाथमामा अंगणात बाजेवर उन्हाला पडले होते. बहीण दारात पाहून ते हातावर रेटा देऊन उठून बसले, आणि आमच्या मागं रस्त्याकडं बघायला लागले, गाडी कुठं उभी केली म्हणून. आत्यांनी डोंगराकडं हात केला.

त्यांना पटेना. त्यांनी आत्यांच्या पायाला हात लावून पाहिला, चपलेची धूळ बोटाला लागली ती पाहिली. मग तसाच पाय धरून ठेवला, सोडलाच नाही.

आत्या म्हणाल्या, "सोड की. मला येरवाळी, उजेड हाय तवर माघारी जायाचंय." जरा थांबून म्हणाल्या, "सोमवारी परत येते."